सीटा मोजणं

जांबोटी सुटली की शट्टुप्पा उभा राहू बघतो,
चौतीस वर्षांची सवय. डोकं ओमनीच्या टपाला लागतं.
मग बसूनच मोजतो: ओंदु, एरडु, मूरु...
भांडतो मराठीत, मोजतो कन्नडात.
वेबिल त्या भाषेत होतं, म्हणतो,
आकडे तिकडंच राहिले.

सहा सीटा. त्यात मी धाकटी, एकोणपन्नासची,
म्हणून स्टेअरिंग माझ्याकडं
आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅनही.

कणकुंबीच्या अलीकडं एका खळ्याशेजारी गाडी लावली.
भात झोडून झालेलं, पिंजराचा वास.
डोंगराला नाव नाही. म्हणजे असेल.
खळं झाडणाऱ्या बाईला विचारलं,
तर म्हणाली, "वरचा."

हिरेमठ सर पुढं. गोळी घेतली काय,
हे त्यांची बायको फोनवर विचारते;
रेंज गेली तरी ते बराच वेळ
हूं, हूं करत चढत राहतात.
इनास झाडाच्या अंगावर थाप मारतो,
किती फूट निघेल ते सांगतो
आणि लगेच ओशाळतो,
झाडानं ऐकलं असेल म्हणून.
लुमाणा मिलिटरीतला. तो तोंडानं चढतो.
पद्माक्का मुंग्यांची रांग आली की थांबते,
पाय कुठं ठेवायचा ते बघते.
त्या निमित्तानं सगळेच थांबतात.
कुणी दमलं असं होत नाही.
मुंग्या नव्हत्या तिथंही ती दोनदा थांबली,
मी बघितलं.

निम्म्यावर एक कातळ आहे, बैलाच्या पाठीसारखा.
शट्टुप्पानं त्यावर हात टेकला.
"येतो खरं," म्हणाला,
आणि वाक्य तिथंच संपलं.
आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
सबब सांगितली तरी
शपथ घेतल्यासारखी वाटते.

गुडघ्याचं कुणी काही काढलं नाही.
इनासनं छत्री त्याच्याजवळ ठेवली.
"जावा तुम्ही. मी हितनं डोंगर बघतो."

वर काय होतं?
वारा होता. गुडघाभर वाळकं गवत.
गोव्याच्या अंगाला धुकं, त्यात दऱ्या बुडालेल्या,
आणि पुढं आणखी एक वरचा.
लुमाणानं फोटोसाठी छाती काढली, मग खोकला.
हिरेमठ सर एकदम म्हणाले,
"अरे, इथून डोंगरच दिसत नाही."
हसलो. खरं, खरंच दिसत नव्हता.
खाली कातळावर काळी छत्री उघडली होती,
बोटाच्या नखाएवढी.
पद्माक्कानं हात हलवला.
छत्री हलली. वाऱ्यानंही असेल.

उतरताना मांड्या थरथरल्या, माझ्याच जास्त.
मोज्यांत कुसळं शिरली ती शिरलीच.

कातळावर भाकरी सोडली, कारळ्याची चटणी,
पद्माक्काची बिनकांद्याची उसळ.
शट्टुप्पा चावता चावता म्हणाला,
"मोजलो मी. आरु. सगळे होते वर."
"पाच," मी म्हणाले. "आम्ही पाचच होतो."
"मोजायला शिकवूलीस काय मला?"
लुमाणा म्हणाला, गुराखी असंल.
इनास म्हणाला, असंल, असंल.
वर गुराखी नव्हता. शेणसुद्धा नव्हतं.
हिरेमठ सरांनी चष्मा पुसला,
तोच भाग पुन्हा पुसला.
"उसळ संपवा बघू," पद्माक्का म्हणाली,
"परत न्यायला नको."

खळ्यावरची बाई आता नव्हती. झाडू होता.
सगळे चढले, दार दोनदा आपटावं लागतं ते आपटलं.
शट्टुप्पानं मान वळवून मोजलं:
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु.
आरुच्या पुढं जरा थांबला.
मग टपावर थाप मारली. "रैट."

मी गिअर टाकला.
आरशात दिसलं,
मागच्या सीटवर तिघंही
काही न बोलता
थोडे थोडे सरकून बसले.