शेरा

रुवैस. पहाटेचे सहा, चष्म्यावर आताच खारट वाफ.
नियामक मंडळाची शम्सा
हिजाबवर हेल्मेट चढवून
पंपाशी उकिडवी बसते,
गेजवरचा स्टिकर नखाने पुसते.
"मुदत मंगळवारी संपली. आज गुरुवार."

दोनच दिवस, मी म्हणतो.
ती मान वर करत नाही.
लिहिते.

काटा बरोबरच होता.
नंतर ताडून पाहिला,
केसभर फरक नाही.
तरी अहवालात माझ्या सहीखाली तिचा शेरा,
आणि सबंध पाळी
गणपुले माझ्याशी धड बोलला नाही.

रात्री खोलीवर डाळ शिजत ठेवली
आणि कोण जाणे का,
ओट्याखाली वाकून
गॅसची नळी उजेडात धरली.

तारीख
कधीचीच पुसलेली.