बेनिफिट मॅच

सायमन अमोलिकसाठी मॅच ठेवायची, इथवर एकमत.
त्यापुढे खडकी बाजारात, एकाच टेबलावर
पावणेदोन तास, सात जण, चौदा कटिंग.

तिकीट पन्नास ठेवा, फिलिप म्हणाला.
पन्नास? आपल्याकडे फायनललासुद्धा
लोक भिंतीवर बसून बघतात.
मग भिंतीचे पैसे घ्या.
मुत्तू हे इतक्या गंभीरपणे बोलला
की मी वहीत लिहूनच टाकलं:
भिंत, दहा रुपये.

घोडके सर म्हणाले, आडनावच अमोलिक,
किंमत काय ठेवणार?
सर मराठी शिकवायचे. माफ केलं.

मग परवानगी, चुना, जाळी,
दहावीची परीक्षा, आणि अँब्युलन्स हवीच
असं दोघं एकदम म्हणाले आणि गप्प झाले.
त्या दिवशी नव्हती.
त्या दिवशी भाजीचा टेम्पो होता,
कोथिंबिरीच्या जुड्यांवर गुडघा ठेवून
सायमन ससूनपर्यंत शिव्या देत गेला,
फाउल करणाऱ्याला नाही,
ज्यानं कात्रीनं बूट कापला त्याला.
नवे होते. दोन हप्ते राहिले होते.

आता कारखान्याच्या गेटसमोर सायकली सांभाळतो.
वाटी बदलायला डॉक्टर तीन लाख म्हणतात.
मी हिशोब केला: भिंत पूर्ण भरली
तरी गुडघ्याचा एक कोपरा.

आणि समोर कोण खेळणार?

हे विचारलं मीच. विचारायला नको होतं.
समोर खेळायचे तर हॅरिस पुलापलीकडचेच,
आणि पुलापलीकडचे म्हटलं की बशीर तांबोळी,
जो आता शाळेची व्हॅन चालवतो,
वळणावर हॉर्न देतो, पोरांना हात धरून उतरवतो.
तो येणार असेल तर मी नाही, अँथनी म्हणाला.
त्यानं आधी बॉल घेतला होता.
आधी गुडघा.
बॉल!
टेबलावर मैदान मांडलं गेलं.
साखरेचा डबा गोल, काडेपेटी सायमन,
बशी म्हणजे बशीर, आणि कुणी हसलं नाही.
काडेपेटी बॉक्सच्या आत की बाहेर
यावर एकोणीस वर्षं भांडतोय आम्ही,
सासऱ्यांच्या तेराव्यालाही भांडलो आहोत.
पेनल्टी होती. चोरली आमची.

तेवढ्यात तोच आला. तारीख विचारायला बोलावलेला.
काठी खुर्चीला टेकवली, टेबलाकडे बघितलं,
आणि एका बोटानं काडेपेटी
चार बोटं मागे सरकवली.
इथं. बाहेर होतो मी.

पेनल्टी नव्हती?
फ्री किक होती.
मग मारली कुणी?

सात जण, एकालाही आठवेना.
शिट्टी वाजली, टेम्पो आला, अंधार पडला,
आम्ही घरी गेलो, दुसऱ्या दिवशी भांडायला लागलो.

म्हणजे बाकी आहे, सायमन म्हणाला,
जसं हप्त्याबद्दल म्हणावं.

मग त्याच्यावरून सुरू झालं.
मॅच तिथूनच सुरू करायची, मुत्तू म्हणाला.
नियमात बसत नाही, सर म्हणाले.
सायमननंच मारावी. डाव्या पायानं.
त्याचा डावा चांगला होता तेव्हा तरी चालायचा का?
यावर सगळ्यात जास्त सायमन हसला,
मग बशी उचलली, उताणी होती ती सुलटी केली,
आणि काडेपेटीसमोर ठेवली. नऊ मीटर तरी भरेल,
अँथनीच्या कोपराला लागून.
ह्याला सांगा, भिंतीत उभा राहा.
आणि तोंड झाकायचं नाही.

अँथनीनं कोपर हलवला नाही,
पण उठलाही नाही.

तिकिटाचं ठरलं नाही.
मी वही उघडली, तारखेची जागा मोकळी सोडली,
आणि भिंत, दहा रुपये, ह्याच्या खाली
लिहिलं: भिंत, बशीर.
नंबर कुणाकडे आहे विचारलं
तर खिशातून पहिला फोन काढला
सायमननं.