शेरा

दोन पावसाळे मी तिला सोनटक्का म्हणत आले.

कळंब्याच्या रस्त्यावर दस्तगीर बागवानाची नर्सरी,
काळ्या पिशवीत बोटभर कोंब,
आणि आइस्क्रीमच्या काडीवर मार्करनं: सोनटका.
एक क कमी. तिथंच खटकलं मला.
महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीमागं
एकतीस वर्षं मी नावंच दुरुस्त केली,
वेलांटी पहिली का दुसरी,
यावरनं लोक भांडले, रडले माझ्यासमोर,
एकानं तर अनुस्वार मिळाला म्हणून पेढे आणले.
घरी आल्याबरोबर चष्मा लावून
काडीवर जागा नव्हती तरी अर्धा क बसवला
आणि माझ्या लेखी नोंद पक्की झाली.

पहिल्या वर्षी नुसती पानं.
लांब, रुंद, शिरांच्या चुण्या पडलेली,
इस्त्री न केलेल्या लुगड्यासारखी.
दुसऱ्या वर्षी भाद्रपदात बुंध्यापाशी
एक कणीस आलं, हिरवट, शेंड्याला फिकं गुलाबी.
वास नाही.
मी शेणखताला दोष दिला.

भिंतीपलीकडनं हौसाक्का म्हणाली,
"हळद हाय ती.
सोनटक्का कसा, उसागत वर चढतो,
कांड्याला पानं, एक हिकडं एक तिकडं.
हिची बघ, समदी जमिनीतनंच निघाल्यात.
दोन वर्सं मी बघतोय की!"
आमच्याकडं बाई अशीच बोलते, बघतोय, जातोय,
आणि ती बाईच आहे याबद्दल
कुणाला कधी शंका येत नाही.
मी म्हटलं, अगं काडीवर लिहिलंय.
ती म्हणाली, "काडी वाचून उगवतंय व्हय ते?"
आणि दळण आणायला निघून गेली.

मार्गशीर्षात पानं पिवळी पडली, मग आडवी झाली.
उलथन्यानं माती बाजूला केली.
बोटाएवढं कांड मोडलं, आत फिकट पिवळं,
आणि भर थंडीत, मोरीजवळच्या त्या चार फरशांवर
कैरीचा वास.
आंबेहळद.
नखात दिवसभर राहिला तो वास,
जेवताना, फोनवर बोलताना, पासबुक भरून घेताना.

दस्तगीर हसला नाही, तेवढं बरं वाटलं.
"वळिवाचं वारं सुटलं हुतं बाई,
काड्या उडाल्या, पोरानं घावल तिथं खोचल्या.
पैसं देऊ माघारी?"
नको म्हटलं. पण मग माझा सोनटक्का?
"कुणीतरी न्हेला की हळद म्हणून.
आता ते कुठं लिवून ठेवलंय?"

तेव्हापासून तो माणूस माझ्या डोक्यात आहे.
लिंबं पिळून, मोहरी फेसून
लोणच्याची तयारी करून बसलेला,
खणतो तर कैरीचा वास नाही,
आणि संध्याकाळी परसात पांढरं काहीतरी उमलतं
त्याचं काय करायचं कळत नाही.

काडी मी उपटली नाही.
मूळ नोंद खोडायची नसते, हा आमचा नियम,
बाजूला शेरा मारायचा, तारीख घालून.
दुसरी काडी खोचली:
वासावरून दुरुस्ती. साक्षीदार, हौसाबाई सुतार.

यंदा भाद्रपदात माझं फिरणं लांबलं.
टाकाळ्याच्या उतारावर काल,
एका भिंतीवरनं आला,
ओला, गोड, चुकणारच नाही असा.
आत टीव्ही चालू, कुत्रं भुंकत होतं.
एकतीस वर्षं लोक माझ्या खिडकीसमोर उभे राहिले,
आज मी बाहेरच्या बाजूला,
पिशवीत पुरावा, कागदात गुंडाळलेला,
आणि घंटी दाबून झाल्यावर लक्षात आलं,
काय म्हणायचं ते ठरवलेलंच नाही.