मीटर क्रमांक सात

वास्कोत, स्टेशनच्या मागे, तीन मजल्यांची इमारत.
दारावरचं पोर्तुगीज नाव बासष्ट साली गिलाव्याखाली गेलं,
वर आलं ‘शांती निवास’.
पावसाळ्यात गिलावा फुगतो,
अंगावर पित्त उठावं तशी
जुनी अक्षरं उठतात.

मी वीजखात्याचा. एकोणीस वर्षं
जिन्याखाली वाकून आकडे उतरवतोय.
फळीवरची नावं कुणी बदलली नाहीत.
दोनवर अजून डॉक्टर कामत,
राहतात मात्र हुबळीची तीन पोरं, गोदीत वेल्डर.
पाच : कुलासो, तारवटी.
हे घर त्याच्यापेक्षा त्याच्या पत्रांनीच जास्त पाहिलं.
पायऱ्यांच्या फटींत खनिजाची लाल धूळ,
वॅगनी थांबल्या तरी निघत नाही.

सात नंबरला कुलूप.
एर्मेलिंदाबाई लिस्बनला गेल्या, त्याला अकरा वर्षं.
तरी दर महिन्याला चार युनिट.
गळती म्हणून लिहिणार होतो,
तर वरून सुलभा शेट्ये म्हणाल्या,
“चावी माझ्याकडे आहे.
सायबिणीपुढचा दिवा विझू देऊ नको, म्हणाली होती.
बिल मीच भरते. तुम्ही आकडा लिहा.”

आज बिल्डरची नोटीस चिकटलीय,
नेमकी सातच्या काचेवर.
कोपरा उचलून पाहिला.
चकती फिरत होती,
सावकाश.