आच

गाझियांतेप. चौथा मजला.
टेबलावर झोपलाय वहदेत्तिन भटारी,
चाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला.
चिमूटभर पीठ आत भिरकावतो
आणि ते किती झटकन करपतं
त्यावरून आच ओळखतो.

त्याच्या मूत्रपिंडात
कुणाला पीठ भिरकावता येत नाही.

नुरजिहानच्या पडद्यावर खड्याचा भुगा उडतो,
दिसायला बर्फासारखा गार.
केसाएवढ्या तंतूच्या टोकाला हिरवा ठिपका,
भोवती चमचाभर पाणी,
ते मुकाट तापत जातं.
वाफ नाही, वास नाही.
आणि भूल दिलेला माणूस
चटका बसला म्हणून अंग चोरत नाही.

मी सलाइनच्या पिशवीखाली.
थेंब नाही मोजायचे, धार बघायची.
पिशव्या आज गरम कपाटातल्या नाहीत,
मुद्दाम बाहेरच्या आणल्यात.

धार बारीक झाली.
नळीला कुठेतरी पीळ.
"थांबा."
मोठ्याने म्हणाले.
दोन वर्षांपूर्वी म्हणाले नव्हते,
आणि ती मास्तरीण तीन महिन्यांनी परत आली,
आकसलेली मूत्रनलिका घेऊन.
माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

नुरजिहानने पेडलवरून पाय उचलला.
दहा. अकरा. बारा.
पीळ सुटला, पाणी वाहिलं,
पडदा निवळत गेला.
कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी वहदेत्तिन विचारतो,
आत आच किती होती?
मी म्हणते, हात ठेवता येईल इतपत.
तो बराच वेळ
आपल्या पोळलेल्या बोटांकडे बघतो.
"आणि हात कुणी ठेवला होता?"