पोकळ जागा

बाबांच्या खिशात छोटी हातोडी असायची.
रेज्जोजवळच्या गोदामात छतापर्यंत फळ्या,
फळ्यांवर चाळीस-चाळीस किलोची चीजची चाकं.
एकेक फिरवत, टकटक करत, कान लावत
ते न कापता सांगायचे
आत कुठे भेग आहे, कुठे हवा अडकली आहे.
नापास चाकाच्या सालीवर आडव्या रेघा ओढत.
एकदा विचारलं, दोरीनो चुकला तर?
म्हणाले, ते खाणाऱ्याला कळतं, दोरीनोला नाही.

मी ताऱ्यांकडे गेले. तिथे ठोकता येत नाही.
तारा आपणच उकळतो, आपणच वाजतो,
आवाज त्याचा त्याच्यापाशीच राहतो.
आपल्यापर्यंत पोचते उजेडाची थरथर,
हजारात एखाद्या भागाइतकी.
तेनेरिफेच्या डोंगरावर सोळा हिवाळे
मी तेवढीच मोजली.
एव्हेलिओ घुमट उघडायचा, वाऱ्याला शिव्या घालायचा.
ढग आले की आलेखाला खिंडार,
आणि खिंडारातून नसलेले सूर आत शिरत.
मधे लग्न झालं. मोडलं तेव्हा मी रात्रपाळीवर होते.

मग उपग्रह आला. वर्षानुवर्षं न मिटणारा डोळा.
फुगलेल्या, तांबड्या, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या फणीत
दातांच्या मधोमध बारीक दात दिसू लागले,
थेट गाभ्यातून आलेले.
वरून सुस्त, पेंगुळलेला तारा
आत गरगर फिरत होता.
त्या संध्याकाळी बाबांना फोन केला.
तोवर त्यांना नीट ऐकू येईनासं झालं होतं.
"आत काय निघालं?" ते ओरडले. "भेग?"
"नाही," मी ओरडले, "घाई!"
ते बराच वेळ हसले,
की खोकले, फोनवर कळलं नाही.

शेवटी शेवटी ते चाकावर नुसता तळवा ठेवायचे.
हातोडी खिशातच.
पोरं मागून पुन्हा ठोकून बघायची,
त्यांच्या नकळत.

आता टेबल आवरतेय.
फिनलंडहून आलेल्या तुइरेला एक फाइल द्यायची आहे.
त्यात एक तारा. त्याचे आकडे
कुठल्याच गणितात बसत नाहीत.
माझी तीन उत्तरं, तिन्ही मीच खोडलेली.
कव्हरवर आडव्या रेघा ओढून टाकाव्यात
म्हणून पेन उचललं.
शाई संपली होती.
दुसरं शोधलं नाही.