लाभ, दोन, तीन

राहतभाभीचा फोन, रात्री साडेदहाला:
"पुड्या गेल्या एक्केचाळीस,
जाहिरातवाले म्हणायलेत सव्वीस.
बाकीच्या पंधरा काय भुतानं नेल्या?"

भुतानं नाही, भाभी.
कुणाच्या फोनात जाहिराती अडवणारं काही बसलंय,
कुणी पैसे भरले आणि 'धन्यवाद' उमटायच्या आत
पान मिटून वरणाला फोडणी द्यायला उठलं.
आपला मोजणारा उभा होता गिऱ्हाइकाच्या दारात.
दार त्यांचं. लावलं की लावलं.
आता त्याला आपल्या गोदामात आणून बसवायचा.

गोदाम म्हणजे तरी काय,
मुंबईत कुठंतरी भाड्यानं घेतलेला सर्व्हर.
आणि मी इथं, वसमतच्या मोंढ्यामागं, पत्र्याच्या खोलीत,
लॅपटॉप हळदीच्या कट्ट्यावर,
एंटरचं बटन पिवळं पडलेलं.

नंबर आहे तसा पाठवायचा नसतो.
आधी निवडायचा. पुढचा शून्य काढ,
मधल्या फटी काढ, एक्क्याण्णव लाव,
मग दळ.
चौसष्ट अक्षरांची भुकटी पडते.
भाभी वाकून बघते. "ह्याचा परत नंबर होतंय का?"
पुडीतून हळकुंड होतंय का, भाभी?
ती हसते. मग हसायची थांबते.
"पन तेच हळकुंड त्यांच्यापाशी बी आसंल,
आन् त्यांनी बी तसंच दळलं तर?"

मी काही बोलत नाही.
सगळं जुळतं ते तसंच तर जुळतं.

त्या रात्री पैसे भरायच्या पानावर एक ओळ वाढवली,
तिनं सांगितली तशी, तिच्याच शब्दांत:
तुमी घेतलं हे आमी जाहिरातवाल्याला कळवतो.
नको आसंल तर ही खूण काढा, हळद तरीबी येईल.

सोमवारी गेल्या त्रेचाळीस.
पडद्यावर सत्तर.
भाभीचा दीर मुजीब पेढे आणायला गाडीला किक मारून मोकळा,
आणि माझ्या पोटात खड्डा.

घरी बाबा खाटेवर, पाय लांब करून.
किशनबा मापाडी. तीस वर्षं मोंढ्यात
'एक' म्हणून कधी मोजलं नाही त्यांनी,
लाभ, दोन, तीन, चार,
आवाज पार रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत.
म्हटलं, बाबा, दोघं मोजणारे आहेत,
एक दारात, एक गोदामात, दोघंही खरं बोलतात,
तरी बेरीज खोटी येते.

"कट्टा येक, तोंडं दोन," ते म्हणाले.
"चिंचोका कुठाय?"

कट्ट्यामागं एक चिंचोका.
आधी ज्यानं मोजला त्यानं ठेवायचा,
दुसऱ्यानं तो बघायचा आन् गप बसायचं.

पहाटे दोनला मी प्रत्येक ऑर्डरला एक चिंचोका दिला.
लांबलचक आकडा, दारात तोच, गोदामात तोच.
लाईट गेली, आली, परत गेली.
शेवटची चाचणी मोबाइलच्या उजेडात,
मीच गिऱ्हाईक, मीच दुकान,
पाव किलो हळद मलाच विकली.

सकाळी बाबांनी विचारलं,
"पैल्याला लाभ म्हनतंय का तुझं मशीन?"
नाही बाबा, ते शून्यापासून मोजतं.
"मंग पैला कट्टा फुकटच गेला की!"
आणि खोकला येईपर्यंत हसले.

मंगळवारी गेल्या एकोणचाळीस,
दिसल्या अडतीस.
मी नोंदी उपसत बसले. चिंचोके जुळत होते,
दळण जुळत होतं, वेळा जुळत होत्या.
दुपारी सापडलं:
सेलूचं कुणीतरी, खूण काढलेली.

भाभीला सांगितलं. ती पुड्यांना चिकटपट्टी लावत होती.
"मंग बरोबरे की," म्हणाली,
आणि सेलूची पुडी काट्यावर पुन्हा एकदा ठेवून बघितली,
पाव किलो,
वर चिमूटभर.